रिव्हर्टनचा सारंग

न्यूझीलंडला जायचं आमचं खरं कारण लेक. मृदुला, आमची एकुलती एक मुलगी, वेलिंग्टनच्या एका हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. लग्नानंतरही तिने नोकरीत माहेरचंच नाव ठेवलं, त्यामुळे तिच्या ॲप्रनवरच्या बिल्ल्यावर ‘सारंग’ असं आडनाव असतं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मेरिलिनने एक दिवस तो बिल्ला नीट वाचला आणि विचारलं, “हे नाव तुला कुठून मिळालं? माझ्या वडिलांचं आडनाव सेरँग आहे.”

मेरिलिनचे वडील रे सेरँग हे दक्षिण टोकाजवळच्या रिव्हर्टन गावातले निवृत्त मच्छीमार. त्यांचा पणजोबा म्हणे एका जहाजातून पळून किनाऱ्याला लागला आणि तिथेच राहिला. तो स्पॅनिश होता, असं घरात सगळे म्हणायचे, कारण रंग सावळा होता आणि त्या काळात स्पॅनिश असणं चारचौघांत सांगायला बरं वाटायचं. म्हातारपणी रे यांना मात्र राहवेना. वाचनात त्यांना कळलं की हिंदी खलाशांच्या मुकादमाला जहाजावर ‘सेरँग’, म्हणजे आपला ‘सारंग’, म्हणत. म्हणजे ते नाव नव्हतं, हुद्दा होता. आमच्या कोकणातही तेच झालं. कधी काळी घरातला कुणी गलबतावर सारंग झाला आणि ते घराला चिकटलं. पण असे सारंग बंगालचे होते, गुजरातचे होते, मलबारचेही होते. यांचा कुठला?

त्यासाठी डीएनए. या तपासणीचं तेव्हा नवीनच प्रस्थ होतं. टपालाने डबी येते, गालाच्या आतून ब्रश फिरवायचा आणि तो परत पाठवायचा. पुरुषाच्या पेशीतला एक भाग बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे, आडनावासारखा जसाच्या तसा जातो. दोघांचा जुळला तर मागे कुठेतरी पूर्वज एक. रेनी आधी दोघातिघांशी जुळवून पाहिलं होतं, काही हाती लागलं नव्हतं. मृदुलाने फोन करून विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. जन्मभर टेलिफोन खात्यात इंजिनिअर होतो, असल्या गोष्टींचा मला उत्साहच. गावी विश्रामलाही सांगितलं. विश्राम माझा चुलत चुलतभाऊ, त्याचे आजोबा आणि माझे आजोबा सख्खे भाऊ. विजयदुर्गच्या खाडीवरचं आमचं घर तोच सांभाळतो. तो म्हणाला, “माका पण एक डबी धाड. दोगांची आसलेली बरी.”

मला हसू आलं. एकाच घरातल्या दोघांची कशाला? पण धाडली.

वेलिंग्टन

मार्च संपत आला होता आणि तिथे पानगळ सुरू झाली होती. आपल्याकडे त्या दिवसांत उन्हाने जीव नकोसा होतो, आणि वेलिंग्टनला वाऱ्याने माणूस रस्ता ओलांडताना अर्धा फूट बाजूला सरकतो. पहिल्याच सकाळी माझी टोपी उडून बंदराच्या पाण्यात पडली. शेजारी पळायचा व्यायाम करणारा एक अनोळखी माणूस थांबला, पाण्याकडे बघून हळहळला, “सॉरी, मेट,” म्हणाला, जणू वारा त्यानेच सोडला होता.

ही माफी मागायची सवय मला आवडली. बसमधून उतरताना लहान मुलंसुद्धा ड्रायव्हरला थँक यू म्हणून उतरतात. माझी नात ईशाही म्हणते. मराठी तिला सगळी कळते, उत्तर इंग्रजीत येतं. आजीने तिला विचारलं, “पोहे आवडले का गं?” तर म्हणाली, “हीप्स!” म्हणजे खूप. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं, ती आणखी ढीगभर मागतेय. तिने ताटलीत अजून वाढले.

मेरिलिन घरी जेवायला आली. गव्हाळ रंग, दाट कुरळे केस, मोकळं हसू. वडिलांचं वय झालंय, हृदयाचं दुखणं आहे, हे तिने जेवताना सांगितलं. “निकालाची ईमेल येईल तेव्हा ती उघडायची नाही, तुम्ही आल्यावरच उघडायची, असं डॅडने ठरवलंय,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं की उत्तर येईल तेव्हा त्या गावचा माणूस समोर असावा.”

मृदुलाला रजा नव्हती. मेरिलिनने रजा काढली आणि आम्हा दोघांना आपल्या गाडीतून घेऊन निघाली.

सामुद्रधुनी

उत्तर बेटावरून दक्षिण बेटावर गाडीसकट बोटीने जायचं असतं. बोटीत चढताना मी मेरिलिनला आमच्या खानदानाच्या दर्यावर्दीपणाविषयी बरंच काही ऐकवलं. पाणी आमच्या रक्तात आहे, हेही बोललो. बंदराबाहेर पडल्यावर अर्ध्या तासात रक्तातलं पाणी आणि पोटातला नाश्ता दोन्ही वर आले. मी कागदी पिशवी तोंडाशी धरून बसलो. सुनंदा बार्शीची. लग्न होईपर्यंत तिने समुद्र पाहिला नव्हता. ती खिडकीशी बसून व्हिनेगर शिंपडलेले बटाट्याचे चिप्स खात होती आणि मधूनमधून माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. मेरिलिन दोघांकडे आळीपाळीने बघून हसू दाबत होती.

पलीकडच्या शांत पाण्यात शिरल्यावर मी डेकवर गेलो. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. आमच्या खाडीच्या तोंडाशी असंच दिसतं, फक्त इथे माडाचं झाड नाही.

रिकार्टन

ख्राइस्टचर्चला मुक्काम होता. तिथल्या रिकार्टन भागात भारतीय दुकानं आहेत. सुनंदाने तिथून आमसुलं, धणे, सुक्या मिरच्या आणि नारळाच्या दुधाचे डबे घेतले. दुकानातल्या मुलीने आमचं बोलणं ऐकून विचारलं, “पुण्याचे का?” ती सांगलीची होती, विद्यापीठात शिकत होती. एवढ्या लांब कुठे, असं तिने विचारलं. सुनंदाने सांगितलं, “ह्यांच्या भाऊबंदांकडे. रिव्हर्टनला.”

‘भाऊबंद’ शब्द तिने इतका सहज वापरला की मला आतून बरं वाटलं. निकाल मी मनात लावूनच टाकला होता.

रिव्हर्टन

पुढचा रस्ता मेंढ्यांचा. मेंढ्या, गवत, कुंपण, पुन्हा मेंढ्या. खाडीवरचा पूल आला आणि मी गाडीत पुढे सरकून बसलो. उथळ खाडी, लाकडी धक्के, त्यांना बांधलेल्या मासेमारीच्या होड्या, ओहोटीचा तो ओळखीचा वास. “थांबव जरा,” मी मेरिलिनला म्हणालो. तीन मिनिटं नुसता उभा राहिलो.

रे दारातच होते. उंच, वाकलेले, लोकरीची टोपी, पायांत थंडीतही रबरी स्लिपर, ज्यांना तिथे जँडल्स म्हणतात. त्यांनी माझा हात धरला तो सोडेचनात. माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होते. “नाक,” ते शेवटी मेरिलिनला म्हणाले. “नाक बघ. सेम टू सेम.”

त्यांच्या पत्नीचं नाव हिने. त्या माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. ठेंगण्या, गोल, पांढऱ्या केसांचा अंबाडा. “किया ओरा,” म्हणत त्यांनी सुनंदाच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. सुनंदा क्षणभर गडबडली, मग तिनेही नीट टेकवलं. माओरी माणूस ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग माणसं, नाव सगळ्यात शेवटी. हिनेनी आपला डोंगर खिडकीतून दाखवला आणि मला विचारलं, “तुमचा?” आपल्याकडे लग्नं जुळवताना गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, कुणापैकी, हे विचारतात त्याची मला आठवण झाली. मी आमची खाडी सांगितली, आमचं दैवत सांगितलं, आणि छाती काढून म्हणालो, “मी सारंगांपैकी.”

रात्रीचं जेवण तिथे सहालाच असतं. ब्लू कॉड नावाचा मासा होता, पांढराशुभ्र आणि गोडसर. हिनेनी तो नुसता पिठात घोळवून तळला होता. सुनंदाने चव घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या स्वयंपाकाची परवानगी मागितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आमसुलं घालून त्याच माशाची आमटी केली. रेनी दोनदा भात घेतला, घाम पुसत, नाक ओढत, “स्वीट ॲज”, म्हणजे तिथल्या बोलीत फक्कड, असं म्हणत. मग हात धुऊन आम्ही सगळे कॉम्प्युटरसमोर बसलो. रेनी चष्मा काढून मेरिलिनला दिला. “तू वाच. मला दिसणार नाही.”

पडद्यावर तीन ओळी होत्या. पहिली सेरँग, दुसरी माझी, तिसरी विश्रामची. प्रत्येकीसमोर आकड्यांची रांग. मेरिलिन बोट ठेवून जुळवत गेली. रे आणि विश्राम. सारखा, सारखा, सारखा, एक वेगळा, पुढे पुन्हा सगळे सारखे. खाली कंपनीने लिहिलं होतं की या दोघांचा पूर्वज एक असण्याची शक्यता खूप मोठी आहे.

रे रडायला लागले. आवाज न करता, गुडघ्यांवर हात ठेवून. हिनेनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मीही उठून त्यांना मिठी मारली. तेवढ्यात माझी नजर मधल्या ओळीवर गेली.

माझे आकडे कशाशीच जुळत नव्हते. रेशी नाही, आणि विश्रामशीही नाही.

मेरिलिनच्या ते आधीच लक्षात आलं होतं. तिने बोट पडद्यावरून काढून घेतलं. मी म्हणालो, “डब्यांची अदलाबदल झाली असेल.” पण अदलाबदल झाली असती तरी आमच्या दोघांपैकी एकच जुळत होता. हे मला कळत होतं. पुण्याहून पाठवलेल्या डबीवर नाव मीच लिहिलं होतं.

मी कोट चढवून धक्क्यावर गेलो. भरती येत होती. वडील डोळ्यांसमोर आले, त्यांचे वडील आले, भिंतीवरच्या फोटोत फेटा बांधून बसलेले. आजी आली, आणि तिच्याविषयी मनात जे आलं त्याची लाज वाटली. चौसष्ट वर्षं मी जे नाव लावलं, ते आज माझ्या अंगावरून कुणी उतरवून दुसऱ्याला दिल्यासारखं झालं होतं. आणि ज्याला दिलं तो माणूस इतका भला की त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

रे मागोमाग आले. धापा टाकत शेजारी उभे राहिले. “शशी, मला फार वाईट वाटतंय,” ते म्हणाले. “तुझं काहीतरी मी उचलून घेतलं असं वाटतंय. ही भानगड मी सुरूच करायला नको होती.”

“नाही हो, तुमचा काय दोष?” मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा सुनंदा आमटीचं भांडं घासत होती. मी तिला म्हणालो, “मी सारंगच नाही म्हणे.”

तिने भांडं खाली ठेवलं. “आणि मी?”

“तुझं काय?”

“अहो, मी बार्शीची. लग्न करून आले, त्या दिवसापासून सुनंदा सारंग. सासूबाईंचं सगळं मी केलं, गावच्या देवीची ओटी दरवर्षी मी भरते. माझी कुणी तपासणी केली? मी सारंग आहे की नाही?”

“आहेस.”

“मग तुम्हीही आहात. आता विश्रामभावजींना फोन लावा. त्यांना काहीतरी ठाऊक असणार. उगाच कशाला मागितली असेल त्यांनी डबी?”

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी फोन लावला. मी आकड्यांबद्दल बोलायला लागलो तर विश्राम मला थांबवून म्हणाला, “दादा, तुजो जुळाक नाय मा?”

मी तिथल्याच खुर्चीवर बसलो.

“गप कित्याक रवलंस? आयक. तुजो आजो आमच्या घरात जल्माक येवक नाय. पणज्याच्या गलबतावर एक खलाशी होतो, त्याचो झील तो. गलबत फुटला, बापूस बुडालो. आवस आधीच गेल्ली. पणज्यान त्या पोराक घराकडे हाडल्यान आणि आपला नाव दिल्यान.”

“खलाशाचं नाव काय होतं?”

“कोणाक ठावक नाय. कोणी इचारूकच नाय. पणजो सारंग होतो, दादा. सारंगाच्या गलबतावरचो माणूस गेलो तर त्याचा पोर कोणाचा? सारंगाचा.”

त्याच्या आईने हे त्याला सांगितलं होतं. मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर तो साधेपणाने म्हणाला, “सांगान काय करूचा होता? काय फरक पडलो?” आणि तपासणीचं ऐकल्यावर त्याला एवढंच वाटलं होतं की माझा निकाल न जुळल्यामुळे त्या लांबच्या म्हाताऱ्याची आशा सुटू नये. म्हणून त्याने डबी मागितली.

मी सगळ्यांना ते इंग्रजीतून सांगितलं. रे खाली बघत ऐकत होते. हिनेनी मात्र मान हलवली, जणू मी काही फारसं विशेष सांगितलंच नव्हतं. “फांगाई,” त्या म्हणाल्या. दुसऱ्याचं मूल आपल्या घरात वाढवायचं, त्याला माओरीत हे नाव आहे. “मीपण फांगाई. माझ्या मावशीने मला वाढवलं. माझ्या आईला दहा मुलं, मावशीला एकही नाही. मला दोन्ही घरं माझी म्हणून सांगता येतात. आमच्याकडे लपवत नाहीत, एवढाच फरक.”

आपल्याकडे दत्तक घेतात ते वाजतगाजत, विधी करून. माझ्या आजोबांचं तसलं काही झालं नसावं. ओल्या कपड्यातलं एक पोर उचलून आणलं असेल, आणि पणजीने त्याला पेज वाढली असेल. आणि विधी झाला नाही म्हणूनच बहुधा कुणाला तो आठवायचं कारण उरलं नाही. मला आजी पुन्हा आठवली, आणि या वेळी लाज वाटली नाही.

टेकडीवर

निघायच्या दिवशी दुपारी रे आम्हाला म्हाताऱ्या सारंगाच्या थडग्यावर घेऊन गेले. समुद्राकडे तोंड केलेली टेकडी, वाऱ्याने एका बाजूला झुकलेली झाडं. साधा दगड, त्यावर ‘ओल्ड सेरँग’ एवढंच. पहिलं नाव कुणाला माहीत नव्हतं. “तो जहाजावरून उतरला तेव्हा इथल्या माओरींनी त्याला आसरा दिला,” रे म्हणाले. “त्यांच्यातल्याच एकीशी त्याने लग्न केलं. परत गेला नाही. त्याच्या भाषेत त्याच्याशी कुणीतरी दोन शब्द बोलावेत, अशी माझी फार इच्छा आहे. शशी, तू बोलशील?”

रे म्हणजे त्याचं रक्त, विश्राम म्हणजे त्याचं रक्त. मी मध्ये कोण? शिवाय मी पुण्यात वाढलेला. माझी छापील मराठी त्या माणसाला कितपत कळली असती?

“विश्रामला लावतो,” मी म्हणालो. “बोलायचा मान त्याचा आहे.”

मृदुलाने दिलेला मोबाईल काढून मी फोन लावला. तिकडे नुकतंच उजाडत होतं. विश्रामच्या मागून कोंबडा आरवलेला ऐकू आला. मी त्याला सांगितलं, मी थडग्यापाशी उभा आहे, फोन दगडाशी धरतो, तू बोल.

“मी कसो बोलू?” विश्राम म्हणाला. “मी धाकटो. घरातलो थोरलो तू. आदी तू बोल, मागसून मी.”

“अरे, पण...”

“पण नाय नि बिण नाय. थोरलो असताना धाकटो आदी बोलता खंय?”

सुनंदाने माझ्या हातातला फोन घेतला आणि स्पीकर चालू केला. मी बूट काढले. गवत गार होतं. लहानपणी मे महिन्यात खाडीवर बोलायचो ती बोली तोंडात आणायला वेळ लागला.

“आजा,” मी म्हणालो, “मी इलंय. घराकडसून इलंय.”

तेवढ्यात फोनमधून विश्रामचा आवाज आला, चढा, थोडा रागावलेला, आपल्या माणसावर रागवावं तसा.

“आजा, खंय रवलंस रे इतकी वर्सा?”

वारा फार होता. रे माझ्याजवळ सरकले. “काय म्हणतोय तो?”

“विचारतोय, इतकी वर्षं कुठे राहिलास.”

रेनी टोपी काढली. फोनजवळ वाकले आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने म्हणाले, “सांग त्याला, इथेच होता. आम्ही सांभाळलं त्याला.”

मी विश्रामला सांगितलं, “हयच होतो. हेंनी सांबाळल्यानी.”

“बरा केल्यानी,” विश्राम म्हणाला.